आंबलेल्या पिठाच्या वड्या

वडील गेल्यावर आमच्या घरात सगळ्यात आधी गप्प झाला तो मिक्सर.

शेवटचं वर्षभर त्यांना नाकातल्या नळीतून खायला घालावं लागायचं. मऊ भात, वरण, उकडलेला भोपळा, कधी नाचणीची पेज. सगळं मिक्सरमधून काढायचं, गाळून घ्यायचं, कोमट करायचं आणि मोठ्या सिरिंजमधून थोडं थोडं सोडायचं. घाई केली की ठसका लागायचा. त्यामुळे माझी सकाळ त्यांच्या घशाच्या वेगाने चालायची. ते झालं की मी साडी नेसायची, डबा उचलायची आणि कंपनीची बस पकडायला निघायची. मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. लग्न केलं नाही, भावंड नाही, आई पूर्वीच गेलेली. सांगवीतल्या त्या दोन खोल्यांत वडील आणि मी, एवढंच आमचं घर.

दिवसभर त्यांच्याजवळ एक मावशी असायच्या. थेरगावला राहायच्या, माहेर चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यात. नवरा कंपनीत होता, तो गेल्यावर त्यांनी म्हाताऱ्या माणसांची कामं धरली. सकाळी त्या यायच्या तेव्हा मी पायात चपला घालत असायची, आणि संध्याकाळी मी चपला काढायची तेव्हा त्या घालायच्या. मधल्या त्या चार-दोन मिनिटांत सगळा कारभार व्हायचा. ताप होता का, पोट साफ झालं का, पाठीची जखम कशी आहे. मी त्यांना मावशी म्हणायची, त्या मला ताई. दोन वर्षं आम्ही दोघी रोज भेटलो आणि जवळजवळ सगळ्या वेळी उंबऱ्यावर उभ्या राहून बोललो. एकत्र बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

वडिलांची ओळख हळूहळू पुसत गेली होती. शेवटच्या काही महिन्यांत ते मला 'बाई' म्हणायला लागले. मी घरात शिरले की सभ्यपणे बघायचे आणि म्हणायचे, "अहो बाई, उशीर झालाय, तुम्ही घरी जा आता. माझी मुलगी आहे इथे." मी म्हणायची, "हो, जाते." मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. घरात दुसरी कुठलीच मुलगी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात असं होतं, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं नाही असं मी सगळ्यांना सांगायची.

ते गेले. तेराव्यापर्यंत नातेवाईक होते, मग आपापल्या गावाला गेले. मावशी तेराव्याला आल्या, एका कोपऱ्यात बसल्या, जेवल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. भाड्याने आणलेला पलंग टेम्पोवाला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नेहमीच्या वेळी जाग आली. मी उठून ओट्यापाशी गेले आणि मिक्सरचं भांडं हातात घेतल्यावर लक्षात आलं की यात घालायला काही नाही. बसला अजून पुष्कळ वेळ होता. त्या वेळेचं काय करायचं हे मला खरोखरच कळेना. मी चहा केला, तो प्यायले, परत केला. असे कितीतरी दिवस गेले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण मुलगी भाड्याने राहायची. हिंजवडीत कामाला, पण बहुतेक वेळ घरूनच काम करणारी. जिन्यात भेटली की हसायची, बस. एका रविवारी तिने बेल वाजवली. हातात काचेची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. तिची बंगळूरला बदली झाली होती. सामान कंपनीचे लोक नेणार होते, पण ही बरणी कोण नेणार? काकू, तुम्ही सांभाळाल का, असं ती जरा संकोचत म्हणाली.

बरणीत आंबवलेलं पीठ होतं. सावरडो पावाचा स्टार्टर. दिसायला इडलीच्या पिठासारखं, बुडबुडे आलेलं, फुगून वर चढलेलं. वास मात्र ताक आणि फार पिकलेलं केळं यांच्या मधला. बाजारचं यीस्ट न घालता यावर पाव फुगतो, तिने समजावून सांगितलं. नुसतं पीठ आणि पाणी. अर्धं काढायचं, उरलेल्यात तेवढंच नवं पीठ आणि पाणी घालायचं आणि ढवळून झाकून ठेवायचं. तिने हे कोविडच्या बंद काळात सुरू केलं होतं आणि तेव्हापासून जिवंत ठेवलं होतं. त्याला तिने एक नावही ठेवलं होतं. ते मी कधी वापरलं नाही.

"रोज खायला घालावं लागतं फक्त," ती म्हणाली. "सकाळची वेळ ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही."

तिने अगदी सहज म्हटलं. वडिलांचं तिला माहीत होतं, पण तिच्या डोक्यात तसलं काही नसणार. मी बरणी घेतली. जाताना ती तिचा लहान ओव्हनही माझ्या ओट्यावर ठेवून गेली, कारण नव्या घरात ओव्हन आहेच म्हणाली.

तर माझ्या सकाळच्या वेळेला पुन्हा काम मिळालं. गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ, माठातलं पाणी, लाकडी चमचा. ढवळायचं, झाकायचं, ओट्याच्या त्या कोपऱ्यात ठेवायचं जिथे ऊन येत नाही. संध्याकाळी परत येईपर्यंत ते फुगून खाली बसलेलं असायचं आणि काचेवर वर चढल्याची खूण राहायची. म्हणजे दिवसभर, मी चाकणला असताना, या घरात काहीतरी चाललं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगायला तसं कोणी नव्हतंही.

पाव मी एकदाच केला. चांगला झाला, पण एका माणसाला एक आख्खा पाव म्हणजे आठवडाभराची शिक्षा. शेवटचे तुकडे तर सुरीला दाद देईनात. पण खरी अडचण पावाची नव्हती. रोज बाजूला काढलेल्या त्या अर्ध्या पिठाची होती. ती मुलगी म्हणाली होती, ते टाकून द्यायचं असतं. ते मला जमेना. आमच्याकडे शिळी पोळीसुद्धा कधी टाकली गेली नाही, तिची फोडणीची पोळी झाली. मग मी ते पीठ फ्रिजमध्ये एका डब्यात साठवायला लागले. त्याची घावनं केली, थालीपिठात घातलं, धिरडी केली. तरी डबा भरतच राहिला. एकटं माणूस किती धिरडी खाणार?

मी तिला बंगळूरला मेसेज केला की बाई, हे तुझं पीठ मला खाऊन टाकणार आहे. तिने उत्तरात ग्रनोला बारची कृती पाठवली. ओट्स, मध, बदाम, सुकामेवा आणि अर्धी वाटी हे उरलेलं पीठ, ते सगळं एकमेकांना धरून ठेवतं. ग्रनोला म्हणजे काय हे मला कंपनीतल्या लोकांच्या पाकिटांवरून माहीत होतं. आपल्या चिक्कीचा शहरात शिकलेला भाऊ, असा माझा समज.

मी माझ्या पद्धतीने फेरफार केले. मधाऐवजी गूळ. बदामांऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट. ओट्सच्या जोडीला राजगिऱ्याच्या लाह्या, तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया आणि बारीक चिरलेला खजूर. पहिल्यांदा पीठ जास्त पडलं, तर ती ना वडी ना पाव असं काहीतरी चिवट प्रकरण झालं. दुसऱ्यांदा चिक्कीची सवय आड आली. मी गुळाचा पक्का पाक केला आणि वड्या अशा झाल्या की पोळपाटावर आपटल्यावर पोळपाटच दुखावला असता. तिसऱ्यांदा सगळं नीट जमलं, पण थंड झाल्यावर कापायला घेतलं आणि भुगा झाला. तो भुगा मी दुधात घालून खाल्ला. तो उत्तम लागला, हे मान्य केलं पाहिजे.

रविवारची दुपार या कामात जायची. हळूहळू युक्त्या कळत गेल्या. गूळ आणि तूप नुसतं विरघळू द्यायचं, उकळू द्यायचं नाही. ते जरा निवलं की मग आंबलेलं पीठ घालायचं. मिश्रण ट्रेमध्ये पसरून वाटीच्या बुडाने जीव लावून दाबायचं, नाहीतर पोकळ राहतं. ओव्हन मंद ठेवून भाजायचं. कडा तांबूस झाल्या की बाहेर काढून गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या आणि मग हात लावायचा नाही. गार झालं की वड्या आपोआप सुटतात. चवीला आधी गूळ लागतो, मग दाणे, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागे एक हलका आंबटपणा येतो, चिंचगुळाच्या आमटीसारखा. तो त्या पिठाचा.

वड्या झाल्या, पण खाणारं कोण? मी डबा भरून कंपनीत नेला. सकाळच्या बसमध्ये सगळे कानात वायर घालून डोळे मिटून बसलेले असतात. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, पुढे ट्रेलरच्या रांगा. चाकण येईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. विभागात मी डबा प्रिंटरजवळच्या टेबलावर उघडून ठेवला. दुपारपर्यंत तो रिकामा झाला. एकाने विचारलं, मॅडम, बार कुठल्या दुकानातून आणलेत. दुसऱ्याने सांगितलं की पुढच्या वेळी चॉकलेट घाला. चांगली माणसं आहेत ती, वडील गेले तेव्हा सगळे येऊन गेले होते. पण कामावर परत आल्यावर पहिल्या दिवशी विचारलं तेवढंच. नंतर तो विषय संपला. मला त्यांचं काही चूक वाटत नाही. रिकामा डबा पिशवीत घालून मी संध्याकाळी बसमध्ये बसले तेव्हा मात्र वाटलं, की यातली एक वडी तरी अशा कोणाला द्यावी ज्याने वडिलांना पाहिलंय. तसं माणूस मला एकच आठवलं.

मावशींना फोन करायला मला बरेच दिवस लागले. काय म्हणून करायचा? काम होतं तोवर फोन होता. शेवटी एका सकाळी बसमधूनच केला. त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं. त्या कुजबुजत बोलत होत्या.

"ताई, मी कामावर हाय. दुपारी बोलू का? बाबा झोपत्यात तवा."

बाबा म्हणाल्या त्या. मला माहीत होतं की त्यांनी दुसरं काम धरलं असणार, धरायलाच हवं होतं. तरी तो शब्द मला खटकला. आमच्या घरी त्या माझ्या वडिलांना याच शब्दाने हाक मारायच्या. मला उगीच वाटलं होतं की तो शब्द आमचाच होता.

दुपारी बोलणं झालं. थेरगावातच, डांगे चौकाच्या अलीकडे एका सोसायटीत त्या एका आजोबांकडे जात होत्या. रविवारीही खाडा नव्हता. पण दुपारी ते तासभर झोपतात, तेव्हा खाली येते, या तुम्ही, असं त्यांनी सांगितलं.

मी त्या रविवारच्या आदल्या दिवशीच वड्या करून ठेवल्या. स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून. डांगे चौकात रविवारची गर्दी होती, भाजीच्या गाड्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेल्या. रिक्षावाल्याने मला अलीकडेच सोडलं. सोसायटीच्या आवारात एक बाक होता आणि त्यावर मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. अंगात निळा गाऊन, जो आमच्याकडे त्यांनी कधी घातला नव्हता. या घरच्यांना तसा हवा असतो म्हणाल्या. मी शेजारी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, आणि दोघींनाही हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

त्यांनी माझं जेवणखाण विचारलं, एकटी आहात तर रात्री कडी नीट लावता का ते विचारलं. मी त्यांच्या मुलीचं विचारलं, ती नगरला दिलेली. मग मी डबा उघडला आणि हे पीठ आंबवून केलं आहे वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक वडी उचलली, एका बाजूने चावून पाहिली, मग दुसऱ्या बाजूने.

"चव लय चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन ताई, मला दाढा न्हाईत वो."

दोन वर्षं ज्या बाईच्या हातात मी माझे वडील दिले होते, तिच्या तोंडात दाढा आहेत की नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. त्या हसल्या, मीही हसले. त्यांनी पिशवीतून चहाचा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि वडी त्यात बुडवून, मऊ होऊ देऊन, सगळी खाल्ली. दुसरी पदरात बांधावी तशी रुमालात बांधून ठेवली.

तेवढ्यात वरून हाक आली. आजोबा जागे झाले होते. मी उठायला लागले तर मावशी म्हणाल्या, वर चला, बाबांना बघून जा. मला जायचं नव्हतं, पण मी गेले.

दार आजोबांच्या सुनेने उघडलं. तिने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं, तेव्हा मावशींनी ओळख करून दिली, "ह्या माझ्या आदीच्या बाबांच्या ताई." सून हसून आत गेली. खोलीत तसाच पलंग होता, त्याच लोखंडी कड्यांचा, डोक्याकडचा भाग हँडल फिरवून वर होणारा. त्यावर एक लहानसे गोरे आजोबा छताकडे बघत पडले होते. मावशींनी हँडल फिरवलं, एक हात त्यांच्या पाठीमागे घातला आणि म्हणाल्या, "चला बाबा, आता राजावानी बसायचं." हेच. हेच शब्द, हाच सूर. माझ्या वडिलांनाही त्या असंच उठवायच्या, आणि वडील खरोखर ताठ व्हायचे. मी दाराशी उभी होते. मला हेवा वाटला. कोणाचा ते नक्की सांगता येणार नाही, त्या आजोबांचा असेल, किंवा त्या घरातल्या सुनेचा, जी आत बेफिकीर टीव्ही बघत होती कारण तिचं माणूस अजून होतं.

थोड्या वेळाने मी निघाले. मावशी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तिथे, पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून, मी त्यांना विचारलं. विचारायचं असं ठरवलेलं नव्हतं.

"मावशी, दिवसा बाबा माझी आठवण काढायचे का कधी?"

त्यांनी गाऊनची बाही खाली ओढली, परत वर केली.

"आठवन कशाला काढतील," त्या म्हणाल्या. "त्यांच्या लेखी तुमी तिथंच होता की."

"म्हणजे?"

"मला बाळ म्हनायचे ते. शेवटी शेवटी. बाळ, पानी दे. बाळ, खिडकी लाव. आदी मी सांगायचे, बाबा, मी मावशी हाय, ताई कामावर गेल्यात. तर लय घाबरायचे, उठायला बगायचे. मग मी सांगायचं सोडलं. त्या हाकेला मीच हो म्हनायला लागले."

बाळ हा शब्द माझा होता. मी बावन्न वर्षांची झाले तरी वडिलांनी मला दुसरी हाक मारली नव्हती, 'बाई' सुरू होईपर्यंत.

"मला कधी बोलला नाहीत," मी म्हणाले.

"कसं बोलायचं? तुमी दमून यायचा. दारात हुबं ऱ्हाऊन कसं सांगायचं, का तुमची हाक त्यांनी मला देऊन टाकली."

आतून त्या आजोबांचा खोकला ऐकू आला आणि त्या आत गेल्या.

मी सांगवीपर्यंत चालत आले नाही एवढंच, पण बरंच अंतर चालले. काळेवाडीच्या पुढे कुठेतरी बसस्टॉपवर बसले. आधी मला राग आला. मावशींचा नाही, वडिलांचाही नाही, पण आला. वर्षभर मी सकाळी अंधारात उठून गाळत होते, कोमट करत होते, आणि माझी हाक दिवसा दुसरीकडे दिली जात होती. नंतर, बस येईपर्यंत, दुसरंच काहीतरी मनात यायला लागलं. संध्याकाळी ते म्हणायचे, माझी मुलगी आहे इथे. मी समजायची की हा भ्रम आहे, त्या घरात कुठलीच मुलगी नाही. पण त्यांच्यापुरती ती होती. सकाळपासून होती. पाणी देत होती, खिडकी लावत होती, त्यांना एकटं टाकून चाकणला जात नव्हती. त्यांना कधी वाट बघावी लागलीच नाही. मला दर सकाळी जिना उतरताना जे वाटायचं, की हे दिवसभर दाराकडे बघत पडणार, ते तसं घडत नव्हतं. हे त्या बाईने, मला एक शब्दही न सांगता, सांभाळून घेतलं होतं.

त्यानंतर मी मावशींसाठी वेगळ्या वड्या करायला लागले. आंबलेलं पीठ दुप्पट, खजूर वाफवून कुस्करलेला, शेंगदाण्यांचं अगदी बारीक कूट, आणि भाजायचं कमी. त्या कापल्या की केकसारख्या मऊ राहायच्या आणि आंबटपणा थोडा जास्त यायचा. एकदा मी त्या बाकावर नेऊन दिल्या. दुसऱ्यांदा निघायच्या आत त्यांचाच फोन आला की आजोबांना मुलगा नाशिकला घेऊन गेला, ते काम सुटलं. तळेगावला एक काम मिळालं होतं, तिथेच राहायचं, सोमवारपासून. मधला रविवार मोकळा होता.

"मग माझ्याकडे या," मी म्हणाले.

त्या रविवारी आल्या. जांभळ्या काठाचं लुगडं नेसून, हातात पेरूंची पिशवी. दार उघडल्यावर नेहमीच्या सवयीने त्यांनी चपला काढून थेट वडिलांच्या खोलीकडे पाऊल टाकलं आणि मध्येच थांबल्या. मी म्हणाले, जा की. त्या आत जाऊन उभ्या राहिल्या. खोलीत आता काही नाही, एक सतरंजी आणि कपड्यांचं कपाट. फरशीवर पलंगाच्या पायांचे डाग आहेत, ते त्यांनी पायाच्या अंगठ्याने घासून पाहिले. जात नाहीत, मी सांगितलं.

आम्ही जेवलो. मग चहा आणि मऊ वड्या झाल्या. त्यांनी दोन खाल्ल्या, न बुडवता. मी त्यांना ती बरणी दाखवली. त्यांनी झाकण काढून वास घेतला, म्हणाल्या, ताकाचं भांडं धुतलं न्हाई का असा वास येतोय. मग त्यांना जांभई आली.

"ताई, जरा पाठ टेकू का?"

त्या वडिलांच्या खोलीत सतरंजीवर आडव्या झाल्या, हात उशाला घेऊन, दाराकडे तोंड करून. दोन मिनिटांत झोपल्या. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात उठतील. त्या उठल्या नाहीत. दुसऱ्यांच्या झोपेवर डोळा ठेवून दिवस काढणारी बाई, तिला दुपारी झोपायला कधी मिळालं असेल? मी भांडी तशीच ठेवली, नळ सोडला नाही. पंखा जरा कमी केला आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले. तिथून त्यांचा श्वास ऐकू यायचा, घशात थोडी घरघर असलेला. वडील गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला नव्हता. मी हातात वर्तमानपत्र धरलं होतं, पण वाचलं काहीच नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं, मग गेलं. मला ती दुपार संपायला नको होती.

दिवे लागायच्या सुमाराला त्या दचकून उठून बसल्या. क्षणभर त्यांना कळेना आपण कुठे आहोत. मग माझ्यावर रागावल्या, उठवलं का नाही म्हणून. मी म्हणाले, उठवायचं काय कारण होतं. त्यांनी तोंड धुतलं, केस बांधले. उरलेल्या वड्या मी डब्यात भरून दिल्या आणि त्यांना बसपर्यंत सोडायला निघाले.

स्टॉपवर आम्ही दोघी उभ्या होतो. तळेगावचं घर कसं आहे, माणूस कसं आहे, त्यांना काहीच माहीत नव्हतं. एक आजी आहेत, एवढंच. मी म्हणाले, मी फोन करत जाईन.

"करा की," त्या म्हणाल्या. "दुपारी करा. कोन हाय, कशी हाय म्हाईत न्हाई अजून. पन दुपारी झोपंल तर खरं."

बस आली. गर्दी होती. त्या दांडा धरून वर चढल्या आणि मान वळवायच्या आधीच आत सरकल्या गेल्या, मला त्यांच्या लुगड्याचा जांभळा काठ तेवढा दिसला. बस नदीकडच्या वळणाला लागली. मी घरी जायला वळले नाही. काही वेळाने दुसरी बस येऊन थांबली. दारातल्या कंडक्टरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, येताय का, अशा अर्थी. मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने बेल दिली.